‘आमच्या माघारी ह्याचं कोण बघणार?’ मानसिक आजार असलेल्या प्रौढांसाठी आधाराचं घर : बेळगाव सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, गेली सत्तावीस वर्षं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेतोय. बाबा वडगावात मागावर बसायचे. ते गेले, मग आई गेली. आता वरच्या खोलीत अण्णा आणि खाली धाकट्या भावाचा संसार. मी मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. दर महिन्याला एका रविवारी अशी दहा-पंधरा घरं एका देवळाच्या सभागृहात जमतात. शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, कडोली, खानापूर, कधी निपाणीहूनही माणसं येतात. डॉक्टर कोणी नसतो, चहा असतो. प्रश्न मात्र तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी वकील नाही, त्यामुळे कोर्टकचेरीचं काही निघालं तर खाली सांगितलेल्या ठिकाणी विचारा.

आधाराचं घर म्हणजे काय? आश्रमच ना?

नाही. मी एकच खूण सांगते. घराची चावी कोणाकडे आहे ते बघा. राहणाऱ्याच्या खिशात चावी असेल, तो चहाला कोपऱ्यावर जाऊन परत येत असेल, आज भाजी कुठली करायची यात त्याचं मत धरलं जात असेल, तर ते घर. बाहेरून कुलूप आणि दारात राखणदार असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तो वॉर्डच.

अशा घरांचे प्रकार आहेत. हॉस्पिटलातून बाहेर पडल्यावर काही महिने हात बसावा म्हणून राहायची जागा म्हणजे हाफ वे होम. तिथं स्वयंपाक, बस पकडणं, गोळ्यांची डबी स्वतः भरणं हे पुन्हा शिकायचं. मग ग्रुप होम. तीन-पाच जण साध्या भाड्याच्या घरात राहतात, सोबतीला एक मदतनीस. आणि तिसरा प्रकार सगळ्यांत हलका. माणूस स्वतःच्या खोलीत राहतो, आठवड्यातून दोनदा कोणीतरी येऊन गोळ्या, किराणा, वीजबिल बघून जातं.

हे हवेतलं नाही. बेंगळूरला रिचमंड फेलोशिप ही संस्था १९८६ पासून या कामात आहे. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेनं वर्षानुवर्षं हॉस्पिटलात पडून राहिलेल्या बायकांना साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरांत चार-पाच जणींच्या गटानं राहायला नेलं. त्या बायका आता शेजारणीकडे विरजण मागायला जातात. माझ्या लेखी हीच यशाची मोजणी.

आई-वडील हयात आहेत, धडधाकट आहेत. आत्तापासून कशाला?

कारण नंतर वेळ मिळत नाही. आमच्या बैठकीतल्या एका आजींनी मुलाचं सगळं एकहाती केलं. त्याच्या गोळ्यांची नावं फक्त त्यांनाच माहीत होती, तीही रंगावरून, ‘पिवळी रात्रीची, पांढरी अर्धी सकाळची’. त्या एका पहाटे गेल्या. तेराव्यापर्यंत घरात गर्दी होती, गोळ्या कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत, आणि चौदाव्या दिवशी मुलगा रेल्वे स्टेशनवर सापडला. सगळे म्हणाले, दुःखानं बिघडला. दुःख तर होतंच, पण गोळ्याही बंद होत्या ना.

पन्नाशीच्या माणसाचं घर, आई, औषध आणि गल्ली एकाच आठवड्यात बदलली तर कोणीही कोलमडेल. म्हणून आई असतानाच महिन्यातून दोन रात्री दुसरीकडे राहायची सवय लावा. चुलत्याकडे, बहिणीकडे, मिळालं तर एखाद्या केंद्रात. एका वहीत गोळ्यांची नावं, डॉक्टर, बँक, आधार, त्याला काय आवडतं आणि तो कशानं बिथरतो ते लिहून ठेवा. आम्ही त्या वहीला ‘माघारीची वही’ म्हणतो. नाव ऐकून नवीन आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, पण पुढच्या महिन्यात वही घेऊन येतात.

कायद्यात असं घर मिळायचा हक्क आहे का?

आहे, आणि बऱ्याच अधिकाऱ्यांनी तो वाचलेला नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मधलं कलम १८ सरकारनं कुठल्या सेवा द्यायच्या ते सांगतं. त्यात हाफ वे होम, आसऱ्याची जागा आणि आधारासह निवास ही नावं घेऊन लिहिलेली आहेत. कलम १९ समाजात राहण्याच्या हक्काचं. घरचे घेत नाहीत, घर नाही, किंवा बाहेर सोयच नाही, एवढ्याच कारणावरून कोणाला हॉस्पिटलात ठेवून घेता येत नाही. घरच्यांनी टाकलं असेल तर सरकारनं कायदेशीर मदतीसकट आधार द्यायचा, ज्यात स्वतःच्या कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क मिळवून देणंही आलं. आणि ग्रुप होमसारख्या कमी बंधनांच्या जागा ‘वाजवी मुदतीत’ उभ्या करायच्या. हा कायदा २०१८ साली लागू झाला. वाजवी मुदत म्हणजे किती, हे विचारायची वेळ आता झाली आहे असं मला वाटतं. बऱ्या झालेल्या पण हॉस्पिटलातच अडकलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाबद्दल सर्वोच्च न्यायालयानंही २०१७ पासून राज्यांना सूचना दिल्या आहेत.

मग धारवाडच्या हॉस्पिटलात कायमचा ठेवता येणार नाही का?

नाही. धारवाडचं मानसिक आजारांचं हॉस्पिटल, म्हणजे डिम्हान्स, ही उपचारांची जागा आहे. उपचार संपले की माणूस घरी येतो. आपल्याकडे ‘धारवाडला टाकला’ असं बोलायची रीत आहे, तेवढी सोडू या.

जबाबदारी नक्की कोणाची? राज्य, जिल्हा पंचायत, महापालिका की ग्रामपंचायत?

इथंच सगळ्यांची गाडी अडते. कायद्यानं मूळ कर्तव्य राज्य सरकारचं. पण राज्य म्हणजे कोण? आजार म्हटलं की आरोग्य खातं, विकलांग म्हटलं की विकलांग व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खातं, घर म्हटलं की गृहनिर्माण, जागा म्हटलं की महापालिका किंवा बुडा, म्हणजे बेळगावचं नगरविकास प्राधिकरण. मी स्वतः एका अर्जाच्या मागे चार टेबलं फिरले. चौथ्या टेबलावरच्या माणसानं मला प्रेमानं पहिल्या टेबलाकडे पाठवलं.

म्हणून मी लोकांना सांगते, ‘घर द्या’ असा एक अर्ज करू नका. ज्याच्या हातात जे आहे तेवढंच त्याच्याकडे मागा.

जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे उपचार, समुपदेशक आणि घरभेटी मागायच्या. हा कार्यक्रम कर्नाटकाला परका नाही. निम्हान्स या बेंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेनं १९८०च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात जो प्रयोग केला, त्याच्याच नमुन्यावर १९९६ मध्ये तो देशभर सुरू झाला. मंगळवारी तालुका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ बसतात ती ‘मनोचैतन्य’ योजनाही याच वाटेवरची. आपल्या तालुक्यात डॉक्टर कुठल्या मंगळवारी येतात ते आधी फोन करून विचारा. खानापूरच्या जंगलातल्या गावाहून पावसात निघालेल्या माणसाला ‘आज नाहीत’ हे ऐकायला लागू नये.

ग्रामपंचायत आणि महापालिका यांच्याकडे मागायचा तो निधी. कर्नाटकात स्थानिक संस्थांनी आपल्या निधीतले ५ टक्के विकलांगांसाठी राखून ठेवायचे असतात. आणि २०१६ च्या विकलांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे, त्यात मानसिक आजार आहे. म्हणजे या पाच टक्क्यांत अण्णाचाही वाटा आहे. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या याद्यांत तीनचाकी, कुबड्या, शिलाई मशीन हेच असतं. त्यांना मिळू नये असं मी म्हणत नाही, त्यांची गरज डोळ्यांना दिसते. आमची दिसत नाही, म्हणून बोलून दाखवायला लागते. या पाच टक्क्यांतून एका घराचं भाडं किंवा एका मदतनिसाचं मानधन मागायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट. घरपट्टीची पावती काढून बघा. ग्रंथालय, आरोग्य यांच्या उपकराच्या रांगेत भिक्षुक उपकर दिसेल, ३ टक्के. भिक्षाबंदी कायदा १९७५ चा हा पैसा निराश्रितांच्या केंद्रांसाठी जातो. रस्त्यावर भ्रमिष्ट फिरणारा माणूस पुष्कळदा भिकारी समजून उचलला जातो. त्याला डॉक्टर हवा असतो. आपण सगळे दरवर्षी त्या उपकराचे पैसे भरतो, मग त्याचं पुढं काय होतं हे विचारायचा हक्क आपला नाही का?

जागेचा प्रश्न आला तर नगरविकास प्राधिकरणाच्या ले-आउटमध्ये सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या सीए साइट असतात, त्या संस्थांना भाडेपट्ट्यानं देता येतात. आणि विकलांग हक्क कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे सरकारी घरकुलांच्या वाटपात ५ टक्के राखीव, त्यातही बायकांना आधी. आश्रय योजनेची यादी लागते तेव्हा ग्रामसभेत उठून हे कलम वाचून दाखवा. मी एकदा वाचलं, तेव्हा सभेत आधी हशा पिकला. मग पीडीओ साहेबांनी, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी, ते कागदावर उतरवून घेतलं.

आपल्या जिल्ह्याला अशी किती घरं लागतील?

निम्हान्सच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) प्रौढांमध्ये तीव्र मानसिक आजाराचं प्रमाण ०.८ टक्के निघालं, म्हणजे हजारी आठ. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि कर्नाटक त्यांत नव्हतं, म्हणून इथं तो आकडा फक्त अंदाजाला धरायचा. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला ४७ लाख ७९ हजार होती. त्यातले प्रौढ तीसेक लाख धरले तरी चोवीस हजार माणसं होतात. त्यातली बहुतेक घरीच राहतात आणि राहावीत. प्रश्न आहे तो ज्यांचे आई-वडील सत्तरीपुढे गेलेत आणि पुढं कोणी नाही अशांचा.

तो आकडा टक्केवारीतून निघणार नाही. गावोगावी आशा ताईंना तो तोंडपाठ असतो, कारण कुठल्या घरात दार बंद करून कोणाला ठेवलंय ते त्यांना माहीत आहे. ग्रामपंचायतीच्या विकलांगांसाठीच्या पुनर्वसन कार्यकर्त्यालाही माहीत असतं. दोघांना एका चहाला बसवलं तर गावाची यादी तासाभरात होईल. यादीत नाव, वय, आणि ‘सांभाळणाऱ्याचं वय’ असा तिसरा रकाना ठेवा. नियोजन करणाऱ्याला खरा उपयोग त्या तिसऱ्या रकान्याचा.

रिंग रोडला जागा घेऊन एकच मोठी इमारत का नको? शंभर जणांची सोय एकदम होईल.

पुढाऱ्यांना ही कल्पना फार आवडते, कारण कोनशिला लावता येते. मला ती आवडत नाही. गावाबाहेर, भिंतीच्या आड, शंभर माणसं आणि चार नोकर असलं की काय होतं ते तमिळनाडूत एरवाडीला दिसलं. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथं आग लागली, माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, २८ जण गेले. त्यानंतर देशभर चर्चा झाली, आणि २०१७ च्या कायद्यात साखळी बांधायला कुठल्याही प्रकारे बंदी आली.

आग लागली नाही तरी शंभर माणसांच्या जागेत डाळ पिंपात शिजते, अंघोळ रांगेनं होते आणि वर्षभरात माणूस आपल्याला काय आवडत होतं ते विसरतो. शंभर जणांसाठी एका इमारतीऐवजी पंचवीस घरं घ्या. वडगावात दोन, खानापुरात दोन, निपाणीत तीन. जिथं माणूस वाढला तिथंच, जिथं त्याचं देऊळ, त्याचा किराणावाला आहे तिथं.

महापालिकेचे रात्रीचे निवारे ही वेगळी गोष्ट. बेघरांच्या योजनेत लाखभर लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याचा निकष होता. पाच लाखांच्या आसपासच्या बेळगाव शहराला त्या हिशेबानं पाचशे जणांची सोय लागते. ती जरूर व्हावी. पण निवारा म्हणजे सकाळी उठून बाहेर पडायची जागा. तिथं गोळ्यांची डबी कुठं ठेवणार?

‘आमच्या गल्लीत असली माणसं नकोत बघा.’ याला काय उत्तर द्यायचं?

आधी हे ध्यानात घ्या की असली माणसं गल्लीत आहेतच. प्रत्येक गल्लीत आहेत, माडीवर, मागच्या खोलीत. नवीन काही येणार नाही, जे आहे ते नीट राहील.

पण वाद घालून माणसं बदलत नाहीत, हे मी शिकले. एका ठिकाणी घर बघितलं, मालक तयार झाला, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतले सहाजण दारात. आम्ही आधी बोललोच नव्हतो, चूक आमचीच. पुढच्या वेळी करार करायच्या आधी गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना भेटलो, गणपतीची वर्गणी दिली, रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा तो नंबर चार घरांत दिला. ‘मारामारी झाली तर?’ असं विचारलं गेलं. मी म्हटलं, तुमच्या गल्लीत शेवटची मारामारी कोणी केली? सगळे हसले, कारण सगळ्यांना नाव माहीत होतं, आणि त्याला कसलाही आजार नव्हता.

परवानगी मात्र मागू नका. ओळख करून द्या. भाड्यानं राहायला गल्लीची परवानगी लागत नाही, कोणालाच.

खर्च कुठून येणार?

भाडं हा त्यातला लहान आकडा. मोठा आकडा माणसाचा. रात्री झोपायला आणि दिवसा मदतीला मिळून दोघं तरी लागतात, आणि त्यांना नीट पगार दिला नाही तर तीन महिन्यांत सोडून जातात. मग नव्या माणसाशी जुळवून घेण्यात राहणाऱ्यांचे हाल. म्हणून कुठल्याही आराखड्यात आधी पगाराचा कॉलम बघा. तो केविलवाणा असेल तर बाकीचं वाचू नका.

राहणाऱ्यानंही आपल्या विकलांग पेन्शनमधून थोडं भाडं द्यावं असं माझं मत आहे. काहींना हे कठोर वाटतं. पण भाडं देणाऱ्याला मालकाशी नळाबद्दल भांडता येतं.

आमच्या माणसाला कन्नड येत नाही. तो तिकडं कसा राहील?

हा प्रश्न बैठकीत दर वेळी येतो, आणि तो राजकारणातून येत नाही. जाणती माणसं चार भाषांत व्यवहार करतात, बेळगावात भाजी घेतानाही दोन भाषा होतात. पण आजारात माणूस लहानपणीच्या बोलीत परत जातो. अण्णा बिघडतो तेव्हा तो आईशी बोलायचा तसंच बोलतो, ‘मला कसंतरीच व्हायलंय की गं’. हे ज्याला कळत नाही तो त्याला भ्रम समजून इंजेक्शनचा डोस वाढवेल.

कायदा इथं आपल्या बाजूनं आहे. दाखल करताना आजार, उपचार, हक्क यांची माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि रीतीनं द्यायची, असं कलम २२ सांगतं. म्हणून सीमाभागातल्या प्रत्येक आधाराच्या घराच्या आराखड्यात एक ओळ मागा: मदतनिसांपैकी निदान एकाला मराठी यावी. उलटंही खरं. खानापूर-हल्याळच्या घरात कन्नड किंवा कोकणी बोलणारा कोणी आला तर त्यालाही त्याच्या भाषेतलं माणूस मिळायला पाहिजे.

अर्ज मात्र कन्नडमध्येही द्या. मराठीत एक, कन्नडमध्ये एक, दोन्हींवर आवक शिक्का. तत्त्वाचा प्रश्न आहे हे मान्य, पण अर्ज बाजूला पडून राहण्यात तोटा अण्णासारख्यांचाच.

महाराष्ट्राकडून काही मिळतं का?

उपचारांसाठी माणसं जातात. निपाणीकराला कोल्हापूर चाळीस किलोमीटर, धारवाड त्याच्या तिप्पट-चौपट. चिकोडी, अथणीकडची मंडळी मिरजेला जातात. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करायचं ठरवलं, त्यावरून वादही झाला. पण आरोग्य विमा वेगळा, राहायचं घर वेगळं. पेन्शन, रेशन, घरकुल हे सगळं ज्या राज्यात राहता तिथून. म्हणून उपचार कुठंही घ्या, कागद बेळगावचेच पक्के करा.

प्रवासाचं एक गमतीचं. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमधून राज्यात फुकट जाता येतं. आई फुकट, मुलाला तिकीट. त्याच्यासाठी विकलांगांच्या सवलतीच्या पासाची चौकशी करा. आणि हद्द ओलांडली की आईलाही तिकीट, हे कागलच्या अलीकडं ध्यानात ठेवा.

कुठले कागद लागतात?

सगळ्यात आधी विकलांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे विकलांगांचं ओळखपत्र. मानसिक आजाराची टक्केवारी आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर काढतात, आणि ४० टक्क्यांच्या वर असेल तर बहुतेक योजना उघडतात. हे कार्ड देशभर चालतं. तपासणीच्या दिवशी घरचे माणसाला नवा शर्ट घालून, दाढी करून, ‘नीट बोल रे’ असं पढवून नेतात. असं करू नका. रोजचं जगणं कसं आहे ते बोर्डाला दिसू द्या. जुन्या उपचारांची फाईल न्या, अगदी वीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी असेल तरी.

दुसरं, प्रतिनिधीची नेमणूक. माणूस बरा असताना साध्या कागदावर ‘माझ्या वतीनं अमुक’ असं लिहून सही करू शकतो, कलम १४. आणि पुढं बिघडलो तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत हेही आधी लिहून ठेवता येतं, कलम ५. अण्णानं लिहिलंय: ‘मला हॉस्पिटलात नेताना बहिणीनं बरोबर यावं. माझा रेडिओ द्यावा.’

नॅशनल ट्रस्टचं पालकत्व मिळेल का?

नाही. १९९९ चा तो कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक विकलांगत्व आणि बहुविकलांगत्व यांच्यासाठी आहे. मानसिक आजार त्यात येत नाही. एजंट सांगत असेल तर पैसे देऊ नका.

भाऊ म्हणतात, ‘याला वाटणी कशाला? आम्ही बघतोय ना.’

आजारामुळं वारसाहक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. उताऱ्यावरून नाव कमी करायच्या कागदावर आजारी माणसाची सही घेतली असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विकलांग माणसाला तिथं वकील फुकट मिळतो, फोन १५१००.

आई-वडिलांना मी सांगते, घर एकट्याच्या नावावर करून ‘तो बघेल’ असं म्हणू नका. मृत्युपत्रात त्याचा राहण्याचा हक्क लिहा किंवा खासगी ट्रस्ट करा, ज्यात दोन विश्वस्त वेगवेगळ्या घरांतले असतील. एकाच घरातले असले की दिवाळीच्या भांडणात सगळं अडकतं.

बायकांसाठी वेगळं काही?

खूप काही, आणि सगळ्यांत कमी बोललं जातं ते हेच. आजार कळला की सासर माहेरी आणून सोडतं. माहेरी आई असेपर्यंत जेवण आहे, नंतर वहिनीवर. रेशन कार्डात नाव सासरी, आधारवर पत्ता सासरचा, पोटगीचा पत्ता नाही. घराचा अर्ज करायला गेलं की विचारतात, रहिवासी दाखला कुठला? म्हणून माहेरी परत आलेल्या मुलीचा पत्ता पहिल्या वर्षातच बदलून घ्या.

घर बायकांचं वेगळं असावं, आत कडी असावी, आणि मदतनीस बाईच असावी. गणगापूरला, वाडीला नेऊन महिना महिना बसवलेल्या बायका आमच्याकडे आल्या आहेत. देवाला जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही, मीही जाते. गोळ्या पिशवीत घालून न्या एवढंच.

खासगी आश्रम बघायला गेलो तर काय तपासायचं?

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का ते विचारा, कागद बघा. मग डोळे उघडे ठेवा. सगळ्यांचं डोकं भादरलेलं दिसतंय? सगळ्यांना एकच रंगाचे कपडे? लोक अंगण झाडतायत आणि त्याचे पैसे मिळत नाहीत? सक्तीनं डोकं भादरणं, गणवेश, बिनपगारी कामाला लावणं, तिन्ही कलम २० प्रमाणे चालत नाहीत. एकदा आम्हाला फक्त ऑफिस दाखवलं, मागचा भाग ‘साफ करायला घेतलाय’ म्हणून. आम्ही संध्याकाळी न सांगता परत गेलो. त्या घराचं नाव इथं घेत नाही, पण तिथं कोणाला ठेवलं नाही.

रात्री बिघडला तर?

टेली-मानस, १४४१६, रात्रीही चालू असतं, २०२२ पासून आहे. जिवाला धोका असेल तर ११२. रस्त्यावर भटकणारा माणूस पोलिसांनी ताब्यात घेतला तर २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचा, कोठडीत ठेवायचा नाही, आणि घर सापडत नसेल तर शोधायचं कामही पोलीस ठाण्याचंच, कलम १००. हवालदार नवा असेल तर त्याला हे कलम दाखवा, रागावू नका, पुष्कळांना खरंच माहीत नसतं.

आधाराच्या घरात यासाठी पाऊस धरून निदान महिनाभराच्या गोळ्या जास्तीच्या हव्यात. जांबोटी-कणकुंबीकडचा जुलै ज्यानं पाहिलाय त्याला कारण विचारायला नको. क्लोझापिन नावाची गोळी चालू असेल तर रक्त तपासणीची तारीख भिंतीवर लिहा.

पंचायतीत मांडायचं कसं?

एकट्यानं नको, तीन घरं मिळून. आधी माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा: गेल्या तीन वर्षांत विकलांगांचे ५ टक्के किती होते, किती खर्च झाले, कशावर, त्यात मानसिक आजाराचे किती. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ते उत्तर हातात घेऊन ग्रामसभेला जा. मागणी एकच ठेवा: एक भाड्याचं घर, चार माणसं, एक वर्ष. ठराव इतिवृत्तात आला का ते सही करायच्या आधी वाचा. नगरसेवकांना भेटताना सोबत आजारी माणूस असेल आणि त्याची इच्छा असेल तर त्यालाच बोलू द्या. आमच्यातला एकजण एवढंच म्हणाला, ‘मला भावाच्या घरी जेवताना खाली बघायला लागतं.’ पुढं कोणाला भाषण करायला लागलं नाही.

तुमच्या अण्णाचं काय ठरलं?

आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, एक खोली बघितली आहे. दोघं राहतील, अण्णा आणि अनगोळचे एक गृहस्थ, जे बैठकीत त्याच्याशेजारी बसतात. सवय व्हावी म्हणून राहायला गेले, तेव्हा पहिल्या दोन रात्री अण्णा मध्यरात्रीनंतर घरी परत आला. तिसऱ्या रात्री आला नाही, तेव्हा मीच घाबरून बघायला गेले. दोघं जागे होते, रेडिओचं स्टेशन कुठलं लावायचं यावरून भांडत होते. मला बघून अण्णा म्हणाला, ‘तू कशाला आलीस एवढ्या रात्री?’